आवाज, उजेड, स्पर्श: मानसिक आजारात संवेदनांचा होणारा त्रास

शांतवेळ
बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते. मला स्किझोफ्रेनिया आहे, निदान होऊन अकरा वर्षं झाली, गेली सहा वर्षं गोळ्यांवर बऱ्यापैकी स्थिर आहे. भास थांबलेत, कानात कुणी बोलत नाही. घरच्यांच्या लेखी मी बरी झाले आणि त्यात त्यांची काही चूक नाही, त्यांना दिसणारा आजार तेवढाच होता. पण जे उरलंय त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि ते कुठल्या शब्दांत सांगायचं हे मलाही फार उशिरा कळलं.

मागच्या महिन्यात घरी आठ-दहा माणसं जमली होती. सगळी मायेची, कुणाशी काही बिनसलेलं नाही. अर्ध्या तासात मी उठले, बाथरूममध्ये गेले, लाइट बंद केला आणि फरशीवर भिंतीला पाठ लावून बसून राहिले. बाहेरून आई दार वाजवतेय, कुणीतरी म्हणतंय, अगं राहू दे, तिला माणसंच नको असतात. मला माणसं हवी होती हो. आवाज नको होता. आणि तो मोठा होता असंही नाही, हे मुद्दाम सांगतेय कारण सगळ्यांचा गैरसमज इथेच होतो. पंखा, फ्रिजची घरघर, गळणारा नळ, समोर बोलणारी मावशी, पलीकडे कुणाच्या तरी मोबाइलवर चाललेला व्हिडिओ, हे सगळं मला एकाच अंतरावरून येतं. कुठलाच आवाज मागे सरत नाही. तुम्ही मावशीचं बोलणं ऐकायला लागलात की पंखा आपोआप मागे जातो, त्यासाठी तुम्हाला काही करावं लागत नाही. मला तो ढकलावा लागतो, दर क्षणाला, एकेक आवाज, आणि अर्ध्या तासात ढकलणारे हात भरून येतात.

मला वाटायचं हे माझंच काहीतरी विचित्र आहे. मग वाचायला लागले. १९६१ साली मॅकगी आणि चॅपमन या दोघांनी स्किझोफ्रेनियाच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या पेशंटना त्यांचे अनुभव विचारून लिहून काढले होते, त्यात लोकांनी हेच सांगितलंय, की नको त्या आवाजांना आणि दृश्यांना बाजूला सारताच येत नाही, सगळंच लक्ष ओढून घेतं. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी! ते वाचून मी रडले होते. नंतर १९८२ च्या सुमारास एक प्रयोग पुढे आला. टिक असा आवाज ऐकवायचा, अर्ध्या सेकंदाने परत तसाच, आणि डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूचा प्रतिसाद मोजायचा. बहुतेकांचा मेंदू दुसऱ्या टिकला बराच कमी प्रतिसाद देतो, हे आत्ताच ऐकलंय, यात नवीन काही नाही, असं समजून सोडून देतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या बऱ्याच जणांच्या मेंदूत ही सूट कमी मिळते, दुसरी टिकसुद्धा पहिलीसारखीच उमटते. प्रत्येकाचं असंच असतं असं नाही, आणि या टेस्टवरून निदानही करत नाहीत. पण मला पहिल्यांदा कळलं की बाथरूमात जाऊन बसणं हा माझा स्वभाव नाही.

तर हा धागा त्यासाठी. डिप्रेशन, बायपोलर (मन टोकाचं चढणं-उतरणं), पीटीएसडी (आघातानंतर उरणारा त्रास), ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती), काहीही असो, तुम्हाला आवाज, उजेड, वास, स्पर्श यांचा रोजच्या जगण्यात काय त्रास होतो आणि तुम्ही काय करता ते लिहा. घरातल्यांनीही लिहा. गोळ्या बदलायचे सल्ले मात्र इथे नकोत, ते आपापल्या डॉक्टरांशीच बोला.


धाकटा_भाऊ
तुमचं लिखाण दोनदा वाचलं. माझ्या ताईलाही हाच आजार आहे, ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आम्ही सगळे बोलत बसलो की ती मधेच उठून जाते आणि मला कायम वाटत आलंय की माझ्यावरच राग आहे, एकदा त्यावरून मी तिला नको तेवढं बोललोही. आता ते आठवून कसंतरी होतंय.

पण मला एक विचारायचंय, कारण आमच्याकडे याच्या उलटही होतं. तिला हाक मारली तर तीन-तीनदा ऐकू जात नाही. कान तपासले, कान ठीक आहेत. गेल्या वर्षी इस्त्री करताना हात चांगला भाजला, फोड आलेला आईने बघितला तेव्हा तिला कळलं. मग तिला जास्त जाणवतं की कमी जाणवतं? दोन्ही एकाच माणसात कसं असेल?


हातोटी
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारातही रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी, मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातच काम करते, म्हणून उत्तर द्यायचा प्रयत्न करते. भाऊ, दोन्ही एकाच माणसात असू शकतं आणि सर्रास असतं.

संवेदना मेंदूत कशा गोळा होतात आणि त्यांचा वापर कसा होतो यावर जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने पायाभूत काम केलं, त्यांचं मुख्य पुस्तक १९७२ चं, पण ते मुलांबद्दल होतं. पुढे १९९७ मध्ये विनी डन यांनी जे मॉडेल मांडलं ते मला मोठ्यांसाठी जास्त उपयोगी वाटतं. त्या दोन गोष्टी वेगळ्या करतात. एक म्हणजे तुमचा उंबरठा किती उंच, म्हणजे किती संवेदना आली की मेंदू दखल घेतो. दुसरी म्हणजे त्यावर तुम्ही काय करता, मुकाट्याने सोसता की काही हालचाल करता. यातून चार तऱ्हा निघतात. उंबरठा उंच आणि माणूस गप्प, तर गोष्टी निसटून जातात, हाक ऐकू येत नाही, भाजलेलं कळत नाही. उंबरठा उंच आणि माणूस धडपड्या, तर तो संवेदना शोधत फिरतो, गाणी मोठ्याने, सतत हालचाल. उंबरठा खाली आणि माणूस सोसणारा, तर सगळं टोचत राहतं. उंबरठा खाली आणि माणूस त्यापासून दूर जाणारा, तर तो उठून बाथरूममध्ये जाऊन बसतो. २००२ मध्ये ब्राउन आणि डन वगैरेंनी स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांकडून या चार तऱ्हांवरची प्रश्नावली भरून घेतली, त्यात निसटणं आणि टाळणं दोन्ही जास्त आढळलं, शोधणं कमी. म्हणजे तुमच्या ताईचं जे चित्र तुम्ही लिहिलंय तेच.

वेदना कमी जाणवणं हा भाग मात्र हलक्यात घेऊ नका. स्किझोफ्रेनियात दुखण्याची तक्रार कमी केली जाते हे बऱ्याच वर्षांपासून नोंदवलं गेलंय, पोटातलं गंभीर दुखणंसुद्धा त्यामुळे उशिरा लक्षात येतं. ताई दुखतंय म्हणत नसली तरी ती वाकून चालतेय का, जेवण सुटलंय का, ताप आहे का हे तुम्हीच बघायचं. आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर घालून बघायची सवय लावा, बोटांपेक्षा बरं.

आणखी एक. सेन्सरी प्रोसेसिंगचा, म्हणजे संवेदना हाताळण्याचा, त्रास हे डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, स्वतंत्र निदान नाही. २०१३ च्या त्या आवृत्तीत ऑटिझमच्या निकषांत त्याचा समावेश झाला, बाकी आजारांत तो अनुभव म्हणून असतो, वेगळा आजार म्हणून नाही. त्यामुळे हाच तुमचा खरा आजार आहे, गोळ्या बंद करा, असं कुणी सांगितलं तर तिथून उठून या.


काजवा
बायपोलर, टाइप एक. माझी गोष्ट थोडी वेगळी आहे म्हणून लिहितो. मला त्रास होतो तेव्हा त्रास होतोय असं वाटतच नाही, उलट सगळं फार सुंदर वाटायला लागतं. रंग धुतल्यासारखे स्वच्छ दिसतात, भिंतीवरचा साधा पिवळा रंग बघून डोळ्यांत पाणी येतं, गाण्यातलं मागचं एखादं वाद्य आधी कधी ऐकलंच नव्हतं असं ऐकू येतं. दोनदा हे झालं आणि दोन्ही वेळा पुढच्या दहाएक दिवसांत मी हॉस्पिटलात होतो. झोप कमी होण्याच्याही आधी हे सुरू होतं माझ्याबाबतीत. डॉक्टरांना बरीच वर्षं मी हे सांगितलंच नव्हतं कारण त्यांनी विचारायचं ते झोप, खर्च, बोलण्याचा वेग, आणि रंग छान दिसतायत ही काय तक्रार आहे का, असं मला वाटायचं. आता आजार उसळण्याच्या खुणांचा माझा कागद आहे, त्यावर ते पहिल्या नंबरला लिहिलंय. रंग चढले की बायको फोन लावते, मी नाही म्हटलं तरी लावते, तसं आमचं बरं असताना ठरलंय.

उजेडाबद्दलही सांगतो. रात्रीचा उजेड, विशेषतः निळा भाग, मेंदूला अजून दिवस आहे असं सांगतो, ते काम डोळ्यातल्या काही खास पेशी करतात, बघण्याच्या पेशी वेगळ्या. नॉर्वेत २०१६ साली मॅनियाच्या, म्हणजे मन अति चढलेल्या अवस्थेतल्या, पेशंटना संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत नारिंगी काचांचे चष्मे दिले होते, सात दिवस, नेहमीच्या औषधांसोबत, आणि साध्या काचावाल्यांपेक्षा त्यांची लक्षणं बरीच उतरली. अभ्यास लहान होता. मी डॉक्टरांना विचारून रात्री आठनंतर घरातले पांढरे दिवे बंद करतो, मंद पिवळा एकच. आणि उलट बाजू जास्त महत्त्वाची: डिप्रेशनसाठी जे प्रखर दिव्यासमोर बसायचं असतं ते बायपोलरवाल्यांनी स्वतःच्या मनाने करू नये, मॅनिया उसळू शकतो.


शांतवेळ
काजवा, हे वाचून मी माझी २०-२२ वर्षांची असतानाची डायरी काढली. आजार उघड व्हायच्या दोन-तीन महिने आधी मी लिहिलंय की लोकांच्या चेहऱ्यांच्या कडा फार ठळक दिसतायत. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.


राखाडी
मी उलट टोकावरून. डिप्रेशन, तिसरा एपिसोड चालू आहे, त्यामुळे लांब लिहिता येणार नाही, सुचेल तसं लिहितेय.

माझं सगळं काचेपलीकडे जातं. आवाज येतो पण पोचत नाही. वास जातो. रंग उतरतात, आणि हे मी कविता म्हणून सांगत नाहीये, खरंच उतरतात. जर्मनीत २०१० मध्ये डिप्रेशनच्या पेशंटच्या डोळ्याच्या पडद्याचे विद्युत संकेत मोजले होते, काळ्या-पांढऱ्या चौकटींमधला फरक त्यांच्या पडद्यावर कमी ठळक उमटत होता. मी ते प्रिंट काढून नवऱ्याला दिलं. त्याने ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय.

आणि आंघोळ. याबद्दल कुणी बोलत का नाही? सगळ्यांना वाटतं आळस. माझ्या अंगाला कपडा लागतो तोही सुटा सुटा जाणवतो या दिवसांत, मग कपडे काढायचे, गार हवा, मग पाण्याचा मारा, बाथरूममध्ये घुमणारा आवाज, ट्यूबलाइट, ओले केस मानेला चिकटणार, मग परत गार, मग ओल्या अंगावर कपडे चढेनात. आठ-नऊ धक्के आहेत ते. एकच काम नाहीये. आतून सगळं बधिर आणि कातडीवर सगळं जास्त, हे एकाच वेळी असतं, हातोटी तुम्ही म्हणालात ना एकाच माणसात दोन्ही, तसंच.


हातोटी
राखाडी, तुम्ही जे लिहिलंय ते मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवेन, तुमची हरकत नसेल तर. आंघोळ हे एक काम नाही, बरोबर. ते मोडून बघायचं असतं आणि यातला कुठला धक्का सगळ्यात वाईट तेवढाच आधी काढायचा. कुणाचा उजेड असतो, त्यांनी बाहेरचा दिवा लावून दार किलकिलं ठेवावं. कुणाचा पाण्याचा मारा, त्यांनी शॉवर सोडून तांब्या-बादली घ्यावी, पाणी कधी पडणार हे आपल्या हातात राहतं. कुणाचा शेवटचा गारठा, त्यांनी टॉवेल आतच हाताशी ठेवावा आणि अंग आतच पुसून कपडे घालावेत. केस वेगळ्या दिवशी. आणि जमलंच नाही त्या दिवशी ओल्या फडक्याने चेहरा, काखा, जांघा पुसल्या तरी चालतं. मी हे पूर्ण गांभीर्याने सांगते, पेशंटलाही आणि घरच्यांनाही.


पाऊलखूण
पीटीएसडी. कशामुळे ते नाही लिहिणार.

माझा त्रास वासाचा. बाकी संवेदना मेंदूत थॅलॅमस नावाच्या ठिकाणी थांबून पुढे जातात, वासाची वाट वेगळी आहे, ती भीती आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी जवळून जाते. म्हणून वास आला की आधी अंग थरथरतं आणि वास आलाय हे मला नंतर कळतं. कितीतरी वेळा मी लिफ्टमध्ये घाबरून बाहेर पडले आणि कारण कळलंच नाही, मग महिन्यांनी लक्षात आलं की त्यात उभ्या असलेल्या माणसाने एक विशिष्ट आफ्टरशेव लावलेलं असायचं.

दुसरं म्हणजे दचकणं. मागून कुणी खांद्याला हात लावला की मी ओरडते. ऑफिसात लोक मुद्दाम करायचे, गंमत म्हणून. आता माझी जागा भिंतीला पाठ लागेल अशी मागून घेतलीये आणि टीममधल्या दोघांना एवढंच सांगितलंय की मागून येऊ नका, समोरून या आणि आधी नाव घ्या. कारण सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. मला एवढीच वागणूक हवी असते.

उपयोग होतो तो वासाचाच. मला आवडणाऱ्या साबणाचा तुकडा रुमालात बांधून ठेवते. अंग थरथरायला लागलं की तो हुंगते आणि हात गार पाण्याखाली धरते, मग हळूहळू कळतं की मी कुठे आहे, कुठलं वर्ष आहे.


सरळरेघ
सगळ्यांबद्दल आदर ठेवून एक वेगळं मत मांडतो. मला पॅनिक डिसऑर्डर होती, आता बऱ्यापैकी नाही असं म्हणेन. माझी संवेदना आतली होती, छातीतली. जिना चढलो की ठोके वाढायचे, ते मला लगेच ऐकू यायचे, मग वाटायचं हार्ट अटॅक, मग अजून वाढायचे. मी काय केलं तर जिना सोडला. मग चालणं सोडलं, मग गर्दी, मग बंद गाड्या. चार वर्षांत माझं जग एका खोलीएवढं झालं. आणि मी बरा झालो तो त्याच्या उलट करून. थेरपिस्टने मला मुद्दाम जागच्या जागी पळायला लावलं, खुर्चीत बसवून गोल फिरवलं, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावला, म्हणजे त्याच संवेदना आणायच्या आणि बघायचं की काही होत नाही. म्हणून मला इथे भीती वाटते. दिवा बंद करा, जागा बदला, हेडफोन लावा, उठून जा, असंच करत गेलो तर हे टाळणं वाढत नाही का?


शांतवेळ
सरळरेघ, तुमचा प्रश्न रागाने घेतलेला नाही, मीही हा विचार खूप केलाय. पण तुमचं आणि माझं एक नाही असं मला वाटतं. तुम्हाला ठोके वाढल्याची भीती वाटायची, ते वाढल्यामुळे काय होईल याची. मला पंख्याची भीती वाटत नाही. पंखा माझं काही करणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, तरी तो ढकलत राहावा लागतो आणि मी दमते. अकरा वर्षं रोज पंखा ऐकतेय, सवय झाली असती तर झाली असती.


हातोटी
दोघंही बरोबर आहात, आणि हा फरक करणं हेच आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. मी साधारण असं बघते. त्या जागी जायच्या आधीच, नुसत्या विचारानेच त्रास सुरू होतो का? झाला तर भीतीचा वाटा मोठा असण्याची शक्यता, तिथे हळूहळू सामोरं जाण्याचा उपयोग होतो. गेल्यावर पहिली वीस मिनिटं बरी जातात आणि मग भरून येतं, घरी आल्यावर दोन तास झोपावं लागतं, तर भाराचा वाटा मोठा, तिथे विश्रांतीच्या जागा पेरायच्या. बहुतेकांच्यात दोन्ही मिसळलेलं असतं, कारण रोज भार होत राहिला की पुढे त्याची भीतीही बसतेच.

हेडफोनबद्दल सरळरेघ यांच्या बाजूने बोलेन. कान दिवसभर बंद ठेवले तर आवाज आणखी टोचायला लागतात, ऐकण्याची यंत्रणा शांततेला सरावते आणि येणारा प्रत्येक आवाज वाढवून घेते. म्हणून हेडफोन ठराविक वेळी, ठराविक कामाला. प्रवासात लावले, पोचल्यावर काढले. घरात शांत खोली असेल तर तिथे कान उघडेच. ओसीडीत तर अजून जपून, तिथे हाताला काहीतरी नीट बसलं नाहीये, अजून एकदा शिवायला हवं, अशी जी खटकणारी संवेदना असते ती शमवत गेलं की ती वाढते, त्यामुळे त्या लोकांनी इथलं वाचून आपल्या मनाने सोयी करून घेऊ नयेत.


तिसरा_मजला
एक अनुभव लिहितो, कुणाला तरी कामी येईल. तीन वर्षांपूर्वी मला एका नव्या गोळीवर ठेवलं आणि आठवडाभरात पायात काहीतरी शिरल्यासारखं व्हायला लागलं. बसवेना, उभं राहवेना, कपडे अंगाला नको, चादर नको, रात्रभर घरात येरझाऱ्या. घरच्यांना वाटलं आजार वाढला, मलाही तसंच वाटलं, एका डॉक्टरांनी अस्वस्थता वाढलीये म्हणून तीच गोळी वाढवली आणि मग तर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायला लागलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं की याला अकाथिसिया म्हणतात, गोळीचाच परिणाम आहे, त्यांनी डोस बदलला आणि चार दिवसांत उतरलं. नवी गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर अशी आतली खळबळ सुरू झाली तर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी फोन करा, यात जीव द्यावासा वाटण्यापर्यंत मजल जाते.

तसंच डिप्रेशनच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या की डोळे फिरवताना डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येतात, माझ्या बहिणीला आले होते. तेही खरं असतं, मनाचं नसतं. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायच्या.


राखाडी
काही गोळ्यांमुळे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि उजेड टोचतो हेही. मला कुणी सांगितलं नव्हतं.


कडीकोयंडा
वॉर्डबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी ज्या वॉर्डात होते तिथे ट्यूबलाइट रात्रभर चालू, लोखंडी दार दर थोड्या वेळाने आपटायचं, टीव्ही सकाळपासून, फिनेलचा वास, आणि तिथे आम्ही सगळे ज्यांना हे सगळं सगळ्यात जास्त लागतं. माझ्या शेजारची मुलगी कान झाकून ओरडायला लागली तर तिला धरून एकटीला खोलीत ठेवलं. तिने कान झाकले होते. हातांनी. कुणालाही दिसलं असतं.

मी नंतर वाचलं की नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी मंद दिवे, मऊ बैठक, हळू हलणारे रंग अशा खोल्या करायला सुरुवात झाली, आणि पुढे २००० नंतर अमेरिकेत काही मनोरुग्ण वॉर्डांनी तशा खोल्या केल्या, माणसाचं डोकं फिरायच्या आधी त्याने स्वतःहून तिथे जायचं, बांधून ठेवण्याची वेळच येऊ नये म्हणून. खोली नसली तरी दाराला रबराची पट्टी लावता येते. रात्री दिवा मंद करता येतो. माझं एवढंच मागणं आहे आणि मी ते मिळेपर्यंत मागत राहणार.


काजवा
कडीकोयंडा, अगदी मनापासून अनुमोदन. त्या दाराचा आवाज मला अजून झोपेत येतो.

जड पांघरुणाचा कुणाला अनुभव आहे का? स्वीडनमध्ये २०२० साली झोपेचा त्रास आणि जोडीला डिप्रेशन, बायपोलर, अँक्झायटी, एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चुळबुळ फार) यापैकी काही असलेल्या १२० जणांवर चार आठवड्यांचा अभ्यास झाला, त्यात साखळ्या घातलेल्या जड पांघरुणाने हलक्यापेक्षा झोप बरीच सुधारली होती. मला फरक पडलाय.


पाऊलखूण
मला अजिबात चाललं नाही. अंगावर काहीतरी आहे आणि मी हलू शकत नाही, मला हेच तर नको असतं. ज्यांना माझ्यासारखं काही घडलंय त्यांच्यावर कुणी न विचारता ते पांघरूण टाकू नका, प्रेमानेसुद्धा नको.


हातोटी
पाऊलखूण म्हणतात ते फार महत्त्वाचं. शिवाय श्वासाचा त्रास असेल, स्वतः पांघरूण बाजूला करायची ताकद नसेल, तर वापरू नये. लहान मुलांवर नाहीच.


शांतवेळ
मला वाटलं नव्हतं इतके जण लिहितील. मी एक केलंय ते सांगते. या वेळी सायकॅट्रिस्टकडे जाताना कागदावर लिहून नेलं, की मला आवाज ऐकू येतात असं नाही, आवाज वेगळे होत नाहीत. हे दोन वाक्यांत वेगळं लिहिणं गरजेचं होतं, कारण मागे मी नुसतं आवाजाचा त्रास होतो म्हटलं होतं आणि त्यांनी ते भास समजून लिहून घेतलं होतं. खाली लिहिलं किती वेळाने होतं, कुठे होतं, नंतर किती झोपावं लागतं, आणि त्यामुळे मी काय सोडलंय. त्यांनी पूर्ण वाचलं आणि कान तपासायला आणि मायग्रेन आहे का बघायला पाठवलं, तेही बरोबरच.

आणि घरी आईशी ठरलंय. माणसं जमली की मी वीस मिनिटं बसणार, मग दहा मिनिटं आत, मग परत बाहेर. आई सगळ्यांना सांगते, ती येतेय परत. मागच्या रविवारी मी तीनदा आत गेले आणि तीनदा बाहेर आले. मावशीचं आख्खं बोलणं ऐकलं, तिच्या गुडघ्यांबद्दल होतं.


धाकटा_भाऊ
परत लिहितोय. काल ताईला विचारलं की हा धागा वाचून दाखवू का. थोडा थोडा वाचला, टीव्ही बंद करून, तीन वेळा थांबून. बाथरूमच्या फरशीवाला भाग तिने दोनदा वाचायला लावला. मी तिला त्या दिवशी बोललो त्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, तू बोलत होतास ते मला ऐकूच येत नव्हतं, पंखा चालू होता.

पुढे तिला विचारलं की या घरात कुठला आवाज सगळ्यात वाईट. मला वाटलं दाराची बेल म्हणेल, किंवा मिक्सर. ती म्हणाली, तू फोनवर लिहितोस ना तेव्हा प्रत्येक अक्षराला टक वाजतं. पाच वर्षं माझ्याकडे हा फोन आहे, मला ते टक कधी ऐकूच आलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन बंद केलंय. आत्ता ती शेजारीच बसलीये आणि मी हे लिहितोय.